ढवळे सरांचं कार्ड

डॉक्टर कमलाकर ढवळे यांना मी पहिल्यांदा मार खाताना पाहिलं, तेव्हा त्यांनी नुकतंच एकाला "नाही" म्हटलं होतं. कंबर धरून आलेला सहा फुटी माणूस मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या मागत होता, महिनाभराच्या. सर म्हणाले, तीन दिवसांच्या देतो, पुढचं तुमच्या जीपीशी, नेहमीच्या डॉक्टरशी, बोला. त्याने शेजारचा स्टीलचा ट्रे उचलला आणि सरांच्या कपाळावर हाणला. सर मटकन खाली बसले. त्यांनी चाचपडत चष्मा शोधला, नाकावर चढवला आणि भुवईवरून रक्त ठिबकत असताना त्याच आवाजात म्हणाले, "थ्री डेज." नंतर टाके घालताना मी चिडून विचारलं, "अहो सर, चार दिवसांच्या दिल्या असत्या तर आभाळ कोसळलं असतं का?"

"आभाळ नाही, तोच कोसळला असता. कुठल्यातरी बस स्टॉपवर," ते म्हणाले. "आणि हळू घाल ना टाका, गोधडी शिवतेस का?"

मी मनीषा. मूळची मिरजेची. लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊच्या वाटेवर असलेल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली अकरा सिस्टर, म्हणजे बाकीच्या नर्सेसची प्रमुख, म्हणून. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच तोंडातल्या एका वाक्यावर ढवळे सरांची अठ्ठावीस वर्षांची डॉक्टरकी येऊन थांबली होती. मी ते वाक्य बोलले तर सर जाणार, गिळलं तर एक निरपराध बाई जाणार. ही सगळी हकिकत त्या वाक्याची आहे, पण आधी सर कोण ते सांगितलं पाहिजे.

सर कराडचे. साडेपाच फूट, पोट थोडं पुढे, मोजे कायम वेगवेगळ्या रंगांचे. कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरच्या हुद्द्याचे डॉक्टर, कधीच झाले नाहीत. परीक्षेला दोनदा बसले, दोनदा नापास झाले, मग म्हणाले, खड्ड्यात गेली परीक्षा, इथे पेशंट पडलेत. म्हणून हुद्द्याने ते शेवटपर्यंत मधलेच राहिले, पण अडचण आली की कन्सल्टंटसुद्धा "व्हेअर इज ढवळे?" म्हणत फिरायचे. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. एकदा एका गोऱ्या रजिस्ट्रार डॉक्टरने पेशंटकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघत औषध लिहिलं, तर सरांनी त्याची खुर्ची पायाने मागे ओढली. तो पडला. सरांनी माफी मागितली, पण खुर्ची परत दिली नाही.

इमर्जन्सीत काय चालतं ते बाहेरच्यांना कळत नाही. वेटिंग रूममध्ये "आमच्या स्टाफवर हात उगारलेला खपवून घेतला जाणार नाही" असं एक भलं मोठं पोस्टर आहे. ते तिथेच का लावलं, तर त्याच्यामागे कुणीतरी मुठीने पाडलेलं भोक आहे. बावीस वर्षांत माझं एक बोट मोडलंय, पाच वेळा थुंकी अंगावर झेललीय, आणि एका आजोबांनी मला काठीने बदडलंय. आजोबांना मी माफ केलं, त्यांना मी त्यांची मेव्हणी वाटले होते. पण सगळ्यात जास्त हाणामारी होते ती गोळ्यांवरून. दुखणं खरं असतं, कधी खोटंही असतं, आणि बऱ्याचदा खरं दुखणं केव्हाच बरं होऊन मागे नुसती गोळीची भूक उरलेली असते. त्या भुकेला नाही म्हणणं हे सरांचं काम होतं, आणि ते त्यांनी मार खाऊन केलं.

मग प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवर आलं. कागदाचे पॅड गेले. आता प्रत्येक डॉक्टरला एक स्मार्टकार्ड, फोटोवालं. ते मशिनमध्ये खुपसायचं, पिन नंबर टाकायचा, मग सिस्टीम तुम्हाला ओळखते. मॉर्फिनच्या जातीचं काही तीन दिवसांच्या वर लिहायला गेलं की लाल चौकोन उघडतो आणि कारण विचारतो. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सरांना हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली. "वीस वर्षं मी एकटा बोंबलत होतो, आता हा बोंबलेल," म्हणाले.

पण लाल चौकोनाला लोक आठवडाभरात सरावले. घाईत सगळे एकच लिहू लागले, "सीनियरशी चर्चा केली." केली असो वा नसो. मशिन काही सीनियरला फोन लावून विचारत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे नवीन डॉक्टर आला की त्याचं कार्ड यायला पाच-सहा आठवडे लागायचे. फॉर्म इकडून तिकडे फिरत राहायचे. तोवर त्या माणसाने औषध कसं लिहायचं, याचं उत्तर कुणाकडेच नसायचं, आणि काम मात्र पहिल्या सकाळपासून हवं असायचं. आपल्याकडून येणारे तर आधीच धास्तावलेले. कुणाकडे जाऊन रडायची सोय नाही. सर अशांना बाजूला घ्यायचे आणि स्वतःचं कार्ड हातावर ठेवायचे. पिन नंबर म्हणजे कराडच्या घरचा जुना पाच आकडी फोन नंबर, तोही सांगायचे. "तुझं येईपर्यंत हे वापर. मी इथेच आहे. मला विचारल्याशिवाय काही कडक लिहायचं नाही." हे नियमात बसत नव्हतं, सरळसरळ गुन्हाच होता. नागपूरचा, कोल्हापूरचा, हैदराबादचा, कितीजण त्या कार्डावर उभे राहिले. मी डोळ्यांनी बघत होते आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं. नियमांवर जीव टाकणारा हा माणूस आपल्या माणसांसाठी नियम मोडतो, याचंच कौतुक.

मार्चमध्ये आसावरी आली. नागपूरची, पस्तिशीतली, तिकडे आठ वर्षं कॅज्युअल्टी सांभाळलेली. पाच वर्षांची मुलगी स्लाऊच्या शाळेत नुकतीच घातलेली, नवऱ्याला अजून काम नव्हतं. सगळं घर तिच्या व्हिसावर. डॉक्टर म्हणून चांगली होती, हात हलका होता, पण इथे कुणी आवाज चढवला की ती दोन पावलं मागे सरकायची. मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "अगं, तू डॉक्टर आहेस, भिंतीला काय चिकटतेस?" ती नुसती हसली. तिसऱ्या दिवशी सरांचं कार्ड तिच्या खिशात होतं.

तो शनिवार होता, दुपारचे साडेतीन. एका बाईला आणलं, नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या सुरीने छातीत तीनदा भोसकलेलं. आम्ही तिला रिससमध्ये घेतलं, म्हणजे जिथे मरणाच्या दारातले पेशंट घेतात त्या खोलीत. सरांनी तिथेच छाती उघडली. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत तिच्या छातीत होता, दोन बोटांनी हृदयावरचं भोक दाबून धरलेलं. मी रक्ताच्या पिशव्या हातांनी पिळून आत ढकलत होते. जमीन इतकी निसरडी झाली होती की एक पोरसवदा वॉर्डबॉय घसरून पडला आणि कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. सर्जन वरून निघाला होता, पोहोचला नव्हता.

तेवढ्यात रिससचं दार अर्धं उघडलं. आसावरी. पलीकडच्या क्युबिकलमध्ये, तपासणीच्या छोट्या खोलीत, क्रेग नावाचा माणूस होता, पाठदुखी घेऊन आलेला. हे मला नंतर कळलं. ती मराठीत बोलली. आम्ही तिघं घाईत मराठीतच बोलायचो, पेशंटसमोर बोलता येतं म्हणून.

"सर, तो पाठदुखीवाला ऐकत नाहीये. गोळ्या दिल्याशिवाय जाणार नाही म्हणतोय. सर, मला त्याच्यासोबत खोलीत—"

"देऊन टाक काय मागतोय ते आणि काढ बाहेर!" सर ओरडले. मान वर केली नाही. "इथे बाई मरतेय!"

दार बंद झालं. सर्जन आला. ती बाई वाचली. हे सांगते, कारण नंतर सगळे म्हणायचे की निदान ती तरी वाचली. सहा आठवड्यांनी ती काठी टेकत चालत आली आणि सरांसाठी केक घेऊन आली, पण तोवर सर तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आसावरी गळ्याला स्कार्फ गुंडाळून आली. इमर्जन्सीत स्कार्फ चालत नाही, कुणीही तोच धरून गळा आवळू शकतो. मी तिला स्टाफरूममध्ये ओढलं. "हे काय? फॅशन शो आहे?" म्हणत मी तो ओढून काढला. खाली बोटांचे वळ होते, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा, काळानिळा.

ती सांगत गेली. ती परत गेली, तीन दिवसांच्या गोळ्या लिहू लागली. क्रेगने खांद्यावरून स्क्रीनवर आकडा बघितला. दाराला पाठ लावून त्याने तिचा गळा धरला आणि कॉम्प्युटरच्या दिशेने तिचं डोकं ढकललं. कपाळ स्क्रीनवर आपटलं. "छप्पन," म्हणाला, "छप्पन टाइप कर." तिने टाइप केलं. लाल चौकोन आला. गळा तसाच धरलेला असताना तिने एका हाताने लिहिलं, सीनियरशी चर्चा केली. मग त्याने हात काढला, तिचा कोट नीट केला आणि थँक्यू म्हणून बाहेर गेला. खालच्या फार्मसीने छप्पन गोळ्या बांधून दिल्या. नाव डॉक्टर ढवळेंचं होतं. एक जादा गोळी न देणारा माणूस छप्पन देतोय, म्हणजे नक्की विचार करूनच देत असणार, असं तिथल्या बाईला वाटलं.

"पोलिसांना सांग," मी म्हटलं. "मारहाणीचा फॉर्म भर, आत्ता."

"ताई, फॉर्ममध्ये विचारतील कुणाच्या कार्डावर लिहिलं." तिने माझा हात धरला. "सर जातील. मी जाईन. मुलीची शाळा आत्ता सुरू झालीय हो. प्लीज. त्याला गोळ्या मिळाल्या, तो काही परत येणार नाही."

मी तिला दोन शिव्या दिल्या, गळ्याला लावायला मलम दिलं, आणि फॉर्म भरला नाही. सिस्टर म्हणून तो मीही भरू शकत होते. मला सरांची काळजी वाटली. खरं सांगायचं तर तिची नाही, सरांची.

मंगळवारी क्रेग त्याच्या फ्लॅटमध्ये मेलेला सापडला. गोळ्या आणि व्होडका. त्या फॉर्ममुळे कुणी छप्पनचा आकडा रविवारीच बघितला असता, तर सोमवारी कुणीतरी त्याचं दार वाजवलं असतं. याचा विचार मी रोज करते. गळा दाबणाऱ्या माणसाची मला दया येत नाही, पण तो मरावा असंही मला वाटलं नव्हतं.

मृतदेहाशेजारच्या टेबलावर आमचं डिस्चार्ज लेटर होतं. त्यावर छापलेलं होतं: डॉक्टर के. ढवळे.

त्याचा भाऊ वेन दहा दिवसांनी आला. भर दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून. रिसेप्शनवर पत्र दाखवून अगदी सभ्यपणे म्हणाला, मला डॉक्टर ढवळेंना भेटायचंय, माझ्या भावाबद्दल विचारायचंय. रिसेप्शनवालीने सरांना बोलावलं. सर हात पुसत बाहेर आले.

"आर यू डॉक्टर ढवळे?"

"येस."

त्याने भिंतीवरचा फायर एक्स्टिंग्विशर उचलला आणि सरांच्या तोंडावर मारला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, ओला आवाज. दात टाइल्सवर उडाले. सर पाठीवर पडले. त्याने दुसऱ्यांदा मारला तेव्हा सरांनी उजवा हात मध्ये घातला, तर त्याने एक्स्टिंग्विशर टाकून त्या हातावर बुटाने उड्या मारल्या, एक, दोन, तीन. प्रत्येक उडीला ओरडत होता, "फिफ्टी-सिक्स! फिफ्टी-सिक्स!" वेटिंग रूममधले लोक भिंतीला चिकटले. दोघांनी फोन काढून शूटिंग सुरू केलं, मेले कुठले.

मी काउंटर ओलांडून त्याच्या अंगावर गेले. त्रेपन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, कशी गेले माहीत नाही. त्याच्या पाठीवर पडले, गळ्याभोवती हात टाकला. त्याने कोपर मागे मारलं, माझं नाक फुटलं. मग मी त्याच्या दंडाला चावले. रक्त येईपर्यंत चावले, आणि सोडलं नाही. सिक्युरिटीचे तिघं आले तेव्हा त्यांना आधी मला सोडवावं लागलं. सरांच्या तोंडातून फेस येत होता, त्यात बुडबुडे. आसावरी धावत आली, त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून तुटलेले दात काढले. या वेळी ती मागे सरकली नाही. "सर, श्वास घ्या. सर, मी आहे," ती मराठीत म्हणत होती. ती नसती तर सर तिथेच गुदमरले असते. पेनकिलर द्यायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरने मॉर्फिन लिहिलं, स्वतःच्या कार्डावर.

जबडा तीन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तो तारांनी बांधून टाकला. उजव्या हाताची सात हाडं. दोन बोटं परत वाकणार नाहीत, असं हाताच्या सर्जनने सांगितलं. वेनला अटक झाली. आणि मग वर चौकशी सुरू झाली की छप्पन गोळ्या लिहिल्या कुणी.

कॉम्प्युटरने दहा मिनिटांत सांगितलं. कार्ड ढवळेंचं, वेळ तीन चव्वेचाळीस. पण तीन चव्वेचाळीसला ढवळेंचा हात एका बाईच्या छातीत होता, याला आठ साक्षीदार. मग उरली आसावरी. ती लगेच म्हणाली, हो, मी लिहिलं, माझा गळा धरला होता, आणि त्याआधी सरांना विचारलं होतं, ते म्हणाले, देऊन टाक. गळ्यावरचे वळ तोपर्यंत गेले होते. रिससमधल्या बाकीच्यांना विचारलं. त्यांना एवढंच आठवत होतं की दार उघडलं आणि काहीतरी परक्या भाषेत बोलणं झालं. "सीनियरशी चर्चा केली" हे तर रोज सगळेच खोटं लिहायचे. त्यामुळे गोष्ट सगळ्यांना सोयीची झाली. नवीन बाईने भल्या माणसाचं कार्ड घेतलं, खोटं कारण लिहिलं, पेशंट मेला, भला माणूस मार खाऊन पडला. तिला निलंबित केलं. जीएमसीकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ज्यांच्या हातात असते त्यांच्याकडे, तिचं नाव पाठवायची तयारी सुरू झाली. डिपार्टमेंटमध्ये सरांसाठी फुलं आणायला डबा फिरला, आणि तिचं नाव घेताना लोक आवाज खाली करू लागले.

मराठी कळणारा तिसरा माणूस त्या खोलीत मी होते.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, जाऊ दे. ती तरुण आहे, नागपूरला परत जाईल, तिथे काय डॉक्टरांना काम नाही? सरांनी आयुष्य घातलंय इथे. मला फक्त एवढंच म्हणावं लागणार होतं की गोंधळ होता, मला आठवत नाही. खोटंही नाही, नुसतं विसरणं.

सरांना भेटायला वॉर्डमध्ये गेले. सरांची बायको, सुप्रभाताई, स्ट्रॉने त्यांना सूप पाजत होत्या. सरांचं तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, तारा दिसत होत्या. मी सांगितलं, "सर, काळजी करू नका. तुमच्यावर काही येत नाही. कार्ड दिल्याचा ठपका येईल, तेवढंच. मी आहे ना."

त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला. अंगठ्याने एकेक अक्षर टाइप केलं, आणि मला ताटकळत बसावं लागलं. मग स्क्रीन माझ्याकडे केली.

"तिने विचारलं होतं. मी देऊन टाक म्हणालो. तू ऐकलंस."

"अहो, तुमचा हात कुठे होता ते मला माहीत आहे की!" मी भडकले. "तेव्हा तिने विचारायला यायचं का? अक्कल नको? आणि छप्पन तुम्ही म्हणालात का?"

ते परत टाइप करू लागले. सुप्रभाताई खिडकीकडे बघत होत्या.

"किती ते मी विचारलं नाही. ती घाबरलीय का ते विचारलं नाही. एकट्याने दार लावून बसू नका हे मीच सगळ्यांना सांगतो. आणि मी तिला परत त्याच खोलीत पाठवलं."

"सर, मी हे सांगितलं तर तुमचं नाव जाईल. अठ्ठावीस वर्षं—"

त्यांनी फोन परत स्वतःकडे ओढला. रागाने त्यांच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. या वेळी मोठ्ठं अक्षर करून दाखवलं.

"सांग."

मी चिडून निघाले. सुप्रभाताई लिफ्टपर्यंत माझ्यासोबत आल्या. मला वाटलं, त्या तरी म्हणतील, मनीषा, नको सांगूस. त्या म्हणाल्या, "तू सांगितलं नाहीस ना, तर हा माणूस तोंड सुटल्यावर पहिलं तेच बोलेल. पण तेव्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, भला माणूस आहे, पोरीला वाचवतोय." त्या रडत नव्हत्या, पण लिफ्टचं बटण त्यांनी चारदा दाबलं.

चौकशीच्या खोलीत हेलन नावाची मॅनेजर होती, शेजारी टाइप करणारा एक मुलगा, आणि टेबलाच्या पलीकडे आसावरी आणि तिच्या युनियनची बाई. आसावरीने माझ्याकडे बघितलं नाही. ती नखाने टेबलाची कड कोरत होती. हेलन माझ्याशी फार गोड बोलली. माझ्या नाकावर अजून पट्टी होती.

"सिस्टर, तुम्ही एका बाईचा जीव वाचवत होता. त्या गडबडीत काय बोलणं झालं ते आठवत नसेल तर कुणीही तुम्हाला दोष देणार नाही."

दार पूर्ण उघडं होतं, मी फक्त बाहेर पडायचं होतं. मी पाणी प्यायले.

"मला आठवतंय," मी म्हटलं. "तिने विचारलं. डॉक्टर ढवळे म्हणाले, तो जे मागतोय ते दे आणि बाहेर काढ. दुसऱ्या दिवशी मी तिच्या गळ्यावर बोटांचे वळ पाहिले, पाच. मी फॉर्म भरला नाही. मी भरायला हवा होता. आणि डॉक्टर ढवळे आपलं कार्ड नवीन डॉक्टरांना देतात हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, इथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, आणि लोक सहा-सहा आठवडे कार्डाशिवाय काम करतात हे तुम्हालाही माहीत होतं. तेही लिहून घ्या."

टाइप करणारा मुलगा थांबला. हेलन म्हणाली, लिही. आसावरीने तोंडावर दोन्ही हात दाबले आणि खांदे हलू लागले. मी उठून तिच्याजवळ गेले नाही. मला त्या क्षणी तिचा राग येत होता, मघाशीपेक्षाही जास्त, कारण तिच्यापायी मी माझा माणूस बुडवून आले होते. हे बरोबर नव्हतं, पण येत होता.

पुढचं भराभर झालं. आसावरीला ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली. तिचं स्वतःचं कार्डही आलं. मला लेखी समज मिळाली आणि सहा महिने सिस्टरपद गेलं. वेनला कोर्टाने सात वर्षं दिली. निकालाच्या दिवशी तो आमच्याकडे न बघता म्हणाला की त्याला आता कळलंय, चुकीच्या माणसाला मारलं. त्यालाही कुणीतरी अर्धीच गोष्ट सांगितली होती. सरांची चौकशी महिनोन् महिने चालली. त्यांनी कशालाच विरोध केला नाही, आणि ती संपल्यावर स्वतःच रजिस्ट्रेशन परत करायचा अर्ज केला. तसाही उजवा हात टाका घालण्याच्या लायकीचा राहिला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्याकडे ईलिंगला गेले. इतके दिवस टाळत होते. तारा निघाल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं, शब्द जरा घरंगळत यायचे. ते डाव्या हाताने शेंगा सोलत होते, अतिशय वाईट. मी खुर्ची ओढून बसले आणि सोलू लागले. सुप्रभाताई दुकानात गेल्या होत्या.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले.

"बरं काय केलं? घालवून आले तुम्हाला."

"मीच गेलो. तू फक्त दार दाखवलंस." एक शेंग हातातून सुटून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. "मनीषा, एक विचारू? मी मान वर केली नव्हती. मला काहीच दिसलं नाही. मी ओरडल्यावर ती लगेच गेली का?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. हो सर, लगेच गेली, असं म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती.

"नाही," मी म्हटलं. "थांबली होती दारात. तुमच्याकडे बघत. मग माझ्याकडे बघितलं तिने. मी पिशवी पिळत होते, पण मला स्पष्ट दिसत होती ती. मला वाटलं, हिचं नेहमीचंच आहे. मी मानेनेच खूण केली, जा म्हणून."

सरांनी डोळे मिटले. शिव्या दिल्या असत्या, खुर्ची ओढली असती, तर बरं झालं असतं. आयुष्यभर सगळ्यांवर ओरडलेला माणूस, आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही की मग तू का नाही गेलीस तिच्याबरोबर.